दादासाहेब खापर्डे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये का गेले? (१९२१ ते १९४७ चे आपले वरिष्ठ सभागृह)

अंजनगावकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे म्हटले की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक, लोकमान्यांचे वऱ्हाडातले सर्वांत जवळचे सहकारी. दुसरी, शिर्डीला साईबाबांजवळ राहून रोजनिशी लिहिणारे अमरावतीचे वकील. तिसरी गोष्ट फारशी कुणी काढत नाही.

लोकमान्य १ ऑगस्ट १९२० ला गेले. सप्टेंबरात कलकत्त्याच्या खास अधिवेशनात काँग्रेसने कौन्सिलांवर बहिष्कार ठरवला. नोव्हेंबरात निवडणुका झाल्या. डिसेंबरात नागपूरला असहकारावर शिक्कामोर्तब झाले. आणि फेब्रुवारी १९२१ मध्ये दिल्लीत नवे केंद्रीय विधिमंडळ उघडले तेव्हा त्याच्या वरच्या सभागृहात, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, दादासाहेब वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसले होते.

आमच्याकडे जुनी माणसे अजून याबद्दल दबक्या आवाजात बोलतात, जणू घरातली एखादी लाजिरवाणी गोष्ट असावी. मला ते पटत नाही. ज्या माणसाने टिळकांच्या अपिलासाठी १९०८ मध्ये विलायत गाठली आणि वकिली सोडून तिथे मुक्काम ठोकला, तो एका खुर्चीसाठी फिरला असे म्हणणे अन्यायाचे आहे. पण ती खुर्ची नेमकी काय होती? कुणाला मिळायची? तिच्यावर बसून काय करता यायचे? जाणकारांनी लिहावे.

शांताराम_दादर

विषय आवडला. वाचतोय.

घटनेचा_विद्यार्थी

थोडी चौकट मांडतो, म्हणजे पुढे बोलायला सोपे जाईल.

१९१९ च्या कायद्याने केंद्रात दोन सभागृहे आली. खालचे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली, १४५ जणांचे, मुदत तीन वर्षे. वरचे कौन्सिल ऑफ स्टेट, ६० जणांचे, मुदत पाच वर्षे. वरच्या सभागृहात ३३ निवडून आलेले आणि २७ गव्हर्नर जनरलने नेमलेले. नेमलेल्यांत सरकारी अधिकारी जास्तीत जास्त २०.

अध्यक्ष सभागृहाने निवडायचा नव्हता, तो गव्हर्नर जनरल नेमत असे. खालच्या सभागृहाला पहिला नेमलेला अध्यक्ष सोडला तर आपला अध्यक्ष निवडता आला, म्हणूनच १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल तिथे बसू शकले. वर असे कधी झालेच नाही.

कायदे करण्यात दोन्ही सभागृहांचा अधिकार सारखा. खर्चाच्या मागण्यांवर मत देण्याचा हक्क मात्र फक्त असेंब्लीला. कौन्सिल अंदाजपत्रकावर बोलू शके, आणि करांचे वित्त विधेयक त्याच्याकडूनही मंजूर व्हावे लागे.

आता मतदार. १९२० च्या निवडणुकीत असेंब्लीचे मतदार सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नऊ लाखांच्या थोडे वर. कौन्सिल ऑफ स्टेटचे सुमारे १७ हजार. साऱ्या देशात सतरा हजार! मोठ्या उत्पन्नावर प्राप्तिकर भरणारे, मोठा शेतसारा भरणारे, विद्यापीठाच्या सिनेटचे सभासद, आधी एखाद्या विधिमंडळात बसलेले, महामहोपाध्याय वगैरे पदवीधारक, अशांनाच मत. रकमा प्रांतागणिक वेगळ्या होत्या, पण तळाची पायरीसुद्धा साध्या शेतकऱ्याच्या किंवा शाळामास्तराच्या आवाक्यातली नव्हती.

नोंदवही

एक शंका. माझ्याकडच्या पाठ्यपुस्तकात निवडलेले ३४ आणि नेमलेले २६ असे आहे. स्पर्धापरीक्षेला मुलांना मी तेच शिकवते. ३३ कुठून आले?

घटनेचा_विद्यार्थी

@नोंदवही, कायद्याखालच्या नियमांत ३३ आहेत. ३४ लिहिणारेही पुष्कळ आहेत हे खरे.

नोंदवही

"पुष्कळ आहेत" म्हणून कसे चालेल सर? दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. पोरांचा मार्क जातो.

राजापेठचा_राजा

राजेहो, दोन्ही बरोबर हायेत! अन् त्याचं कारण आमचं वऱ्हाड.

नीट सांगतो. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं. १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे, १९०२ मध्ये कर्झननं निजामाकडून ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये देऊन. पण मालकी निजामाचीच राहिली, म्हणून कायद्याच्या भाषेत वऱ्हाड "ब्रिटिश हिंदुस्थान" नव्हतं. मग तिथल्या माणसाला ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळात "निवडून आलेला" कसं म्हणायचं? त्यावर तोड अशी काढली की वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यायची, जो जिंकेल त्याला गव्हर्नर जनरलनं नेमायचं. नियमात तसंच लिहिलं आहे, वऱ्हाडातल्या निवडणुकीच्या निकालावरून नेमलेला एक सदस्य.

म्हणून कायदा पाहणारा ३३ अधिक २७ म्हणतो, अन् मतपेटी पाहणारा ३४ अधिक २६. तो मधला एक माणूस म्हणजेच आमचे दादासाहेब. साठातला एकच असा की निवडूनबी आला अन् नेमलाबी गेला. आमच्या गावात सरपंचाले दोनदा हार घालत नाहीत भाऊ!

खाली असेंब्लीतही हाच प्रकार. माधवराव अणे तिथे वऱ्हाडचे प्रतिनिधी होते, चर्चांच्या अहवालात त्यांच्या नावापुढे मतदारसंघ म्हणून तसंच छापलेलं दिसतं.

नोंदवही

वा! हे उद्याच वर्गात सांगते. फार आभार राजाभाऊ. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत तरी असायला हवी होती.

अंजनगावकर

@राजापेठचा_राजा, धाग्याचे सार्थक झाले. आणि यातून एक मुद्दा निघतो. दादासाहेबांना "सरकारनियुक्त" म्हणून हिणवणाऱ्यांनी हे वाचावे. नेमणूक हा निजामाच्या मालकीमुळे आलेला कागदी उपचार होता.

सातारकर_७२

मुंबई इलाख्याचे सांगतो. मुसलमानेतर जागा तीन, आणि त्या तिघांसाठी अख्खा इलाखा एकच मतदारसंघ. अहमदाबादपासून धारवाड-कारवारपर्यंत. इतक्या विरळ मतदारांत प्रचारसभा कुठे घेणार? साहजिकच ज्याचे नाव सगळ्या पेढ्यांत आणि वकिलांच्या खोल्यांत माहीत, तोच निवडून यायचा. म्हणून सर फिरोज सेठना, सहकारी चळवळीतले आणि सिंधिया बोट कंपनीच्या संस्थापकांपैकी लल्लुभाई सामळदास अशी नावे दिसतात. १९०१ चे काँग्रेस अध्यक्ष सर दिनशा वाच्छा हेही उतारवयात या सभागृहात होते. मुस्लिम जागेवर पुण्याचे इब्राहिम हारून जाफर.

पण आमच्या साताऱ्याचा माणूसही तिथे पोचला होता, हे अभिमानाने नोंदवतो. रघुनाथ पांडुरंग करंदीकर, टिळकांचे वकील आणि स्नेही, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई इलाख्यातून कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले. म्हणजे टिळकांच्या वर्तुळातून एकटे खापर्डेच तिथे गेले असे नाही. अंजनगावकर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना ही गोष्ट धरून चला.

तापीकाठ

आमच्या घरातली एक ऐकीव गोष्ट. पणजोबांच्या चुलत्यांची खानदेशात मोठी जमीन होती, सारा भरपूर, म्हणून त्यांना या "वरच्या कौन्सिलाचे" मत होते. पंचक्रोशीत दुसऱ्या कुणालाच नव्हते. निवडणूक आली की मुंबईहून उमेदवारांची छापील विनंतीपत्रे यायची, आणि ती पत्रे दिवाणखान्यात पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली असत. आजी सांगायची, घरचा सालदार एकदा म्हणाला होता, "मालक, तुम्ही मत कुणाला देणार ते आम्हाला सांगा, म्हणजे आमचंही झालं." त्यात त्याचा दोष नव्हता. पंचक्रोशीतल्या सगळ्यांच्या वतीने एकच माणूस मत देत होता, हे त्याला अचूक कळले होते.

रोखठोक

आता गोड बोलणे पुरे.

हे सभागृह कशासाठी होते ते त्याने काय मंजूर केले यावरून कळते. १९२२ मध्ये संस्थानिकांवर वर्तमानपत्रांतून टीका होऊ नये म्हणून सरकारने विधेयक आणले. असेंब्लीने ते मांडायलाच परवानगी नाकारली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने ते आवश्यक असल्याचे प्रमाणपत्र दिले, आणि कौन्सिल ऑफ स्टेटने ते मंजूर केले.

१९२३ मध्ये मिठावरचा कर दुप्पट केला, मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये. असेंब्लीने फेटाळला. पुन्हा प्रमाणपत्र. पुन्हा कौन्सिल ऑफ स्टेटची मंजुरी. मीठ, मंडळी! ज्याच्या घरात दुसरे काही नसते त्याच्या भाकरीबरोबरचे मीठ. आणि ते महाग करणाऱ्या सभागृहाला सतरा हजार श्रीमंतांनी निवडले होते.

करंदीकर असोत की खापर्डे, चांगली माणसे तिथे जाऊन बसली म्हणून त्या सभागृहाला अब्रू मिळाली. माझा आक्षेप तेवढाच आहे. त्यांच्या नावाने सरकारला सांगता आले की बघा, लोकांचे पुढारीही इथे आहेत.

घटनेचा_विद्यार्थी

@रोखठोक, दोन्ही उदाहरणे खरी आहेत. एक भर घालतो. निवडलेले नेमलेल्यांपेक्षा जास्त असूनही सरकार का जिंकायचे? ३३ मध्ये तीन जागा युरोपीय व्यापाऱ्यांच्या. त्या सरकारकडे गेल्या की उरले ३०. त्यांतले थोडे जमीनदार आणि पदव्यांची आस असलेले फुटले की झाले. अधिकाऱ्यांना तर हुकूमच असे. म्हणजे बहुमत निवडलेल्यांचे, पण निकाल सरकारचा, अशी ती रचना होती.

मवाळांचा_वारस

माझे आजोळ गोखल्यांच्या भारत सेवक समाजाशी जवळचे, त्यामुळे मला दुसरी बाजू मांडायलाच हवी.

फेब्रुवारी १९२१. सभागृह उघडून आठवडाही झाला नव्हता. श्रीनिवास शास्त्रींनी याच कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये ठराव मांडला की दडपशाहीचे सगळे कायदे तपासायला समिती नेमा. समिती नेमली गेली, तेजबहादूर सप्रू तिचे अध्यक्ष झाले, आणि १९२२ मध्ये रौलट कायदा रद्द झाला. ज्या कायद्याविरुद्ध १९१९ मध्ये देश पेटला, ज्याच्या पाठोपाठ जालियनवाला बाग झाली, तो कायदा पुस्तकातून पुसला जाण्याची सुरुवात या "श्रीमंतांच्या" सभागृहातल्या एका ठरावाने झाली. शास्त्री काही धनाढ्य नव्हते. गोखल्यांच्या संस्थेतले, ठरावीक मानधनावर जगणारे.

तेव्हा खुर्चीला शिव्या देण्याआधी तिच्यावर कोण बसले आणि उठून काय बोलले ते पाहिले पाहिजे.

रोखठोक

@मवाळांचा_वारस, शास्त्रींबद्दल आदर आहे. पण रौलट कायदा रद्द झाला तो बाहेर लाखो लोक रस्त्यावर होते म्हणून. आत ठराव करायला धैर्य लागतेच, पण त्या ठरावाला वजन आले ते बाहेरच्या माणसांमुळे. तुरुंगात गेलेल्या, गोळ्या खाल्लेल्या माणसांना त्या सभागृहात मत नव्हते.

मवाळांचा_वारस

मान्य, बाहेरचे वजन होतेच. पण आत कुणी ठराव मांडलाच नसता तर ते वजन ठेवायला जागा कुठे होती?

मीनल_ठाणे

एकाही प्रतिसादात बायकांचा उल्लेख नाही म्हणून लिहिते. १९२१ च्या त्या सभागृहात एकही स्त्री नव्हती.

आणि हे त्या काळाचे म्हणून सोडून देता येत नाही. आयर्लंडचे पाहा. १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य झाल्यावर त्यांनीही ६० जणांचेच सिनेट केले. अर्धे सदस्य सरकारप्रमुखाने नेमलेले, अर्धे खालच्या सभागृहाने निवडलेले. पहिल्याच दिवसापासून त्यात चार बायका होत्या. कवी येट्सही त्यात होते, आणि १९२५ मध्ये घटस्फोटाच्या प्रश्नावर त्यांनी तिथे केलेले भाषण आजही वाचले जाते. पुढे १९३६ मध्ये डी व्हॅलेरांनी ते सिनेटच बंद केले, तो भाग वेगळा. पण दोन्ही ठिकाणी संख्या ६०, काळ तोच, आणि फरक एवढा! आपल्याकडे तेव्हा रमाबाई रानड्यांसारखी बाई हयात होती, पुण्यात सेवासदन चालवत होती. दिल्लीच्या त्या सभागृहात ती कुणापेक्षा कमी ठरली असती का?

सातारकर_७२

मीनलताई, अगदी खरे.

दिल्लीकर_मराठी

थोडे अवांतर, इमारतीबद्दल. आपण सगळे गृहीत धरतो की कौन्सिल ऑफ स्टेट गोल संसद भवनात भरायचे. पहिली सहा वर्षे नाही! ते यमुनेकडच्या मेटकाफ हाउसमध्ये भरत असे, आणि असेंब्ली जुन्या सचिवालयात. गोल इमारतीची कोनशिला ड्यूक ऑफ कनॉटने फेब्रुवारी १९२१ मध्ये बसवली. लॉर्ड आयर्विनने १८ जानेवारी १९२७ ला तिचे उद्घाटन केले. आत तीन दालने, एक असेंब्लीचे, एक कौन्सिल ऑफ स्टेटचे, एक नरेंद्र मंडळाचे, म्हणजे संस्थानिकांच्या मंडळाचे. कौन्सिलच्या दालनातच पुढे राज्यसभा बसली. मेटकाफ हाउस आता संरक्षण संशोधन खात्याकडे आहे, सहज आत जाता येत नाही. तिथे बाहेर साधी पाटीसुद्धा असावी असे मला मनापासून वाटते.

विधिमंडळाचे उद्घाटनही ड्यूक ऑफ कनॉटनेच केले, ९ फेब्रुवारी १९२१ ला. त्याने वाचलेल्या बादशहाच्या संदेशात साम्राज्यांतर्गत स्वराज्याची सुरुवात झाल्याचे म्हटले होते. लोकमान्य जाऊन सहा महिने झाले होते, आणि दादासाहेब ते ऐकणाऱ्यांत असणार. काय वाटले असेल त्यांना!

धरमपेठ

नागपूरकडून एक भर. सुरुवातीचे अध्यक्ष अलेक्झांडर मडिमन, माँटेग्यू बटलर, हेन्री मॉन्क्रीफ स्मिथ, सगळे आयसीएस गोरे अधिकारी. मग १९३३ पासून थेट १९४६ पर्यंत अध्यक्ष होते आमचे सर माणेकजी दादाभाई. जन्म मुंबईचा, पारशी बॅरिस्टर, पण आयुष्य नागपुरात, वकिलीत आणि उद्योगात गेले. नागपूरचे व्ही. व्ही. काळीकर हेही मध्य प्रांतातर्फे तिथे होते. म्हणजे नागपूर-अमरावतीचा या सभागृहाशी संबंध सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहिला. विदर्भात याची आठवणही कुणी काढत नाही, हे वाईट.

शांताराम_दादर

एक बाळबोध प्रश्न. १९३५ च्या कायद्याने सगळे बदलले ना? मग जुने कौन्सिल १९४७ पर्यंत कसे टिकले?

घटनेचा_विद्यार्थी

प्रश्न चांगला आहे. १९३५ च्या कायद्यात नवे कौन्सिल ऑफ स्टेट होते, २६० जागांचे, त्यांतल्या १०४ संस्थानांच्या. ते कायम राहणार होते, दर तीन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होणार होते. गंमत म्हणजे वरचे सभागृह थेट मतदानाने आणि खालचे प्रांतिक विधिमंडळांकडून, अशी उलटी योजना होती. पण हे सारे संस्थाने संघराज्यात सामील झाली तरच. ती झाली नाहीत, मग महायुद्ध आले. त्यामुळे केंद्रात १९१९ चीच व्यवस्था चालू राहिली आणि जुन्या सभागृहाला मुदतवाढ मिळत गेली. कायम सभागृह आणि एक तृतीयांश निवृत्ती ही कल्पना मात्र १९५२ च्या राज्यसभेत आली, तिथे दर दोन वर्षांनी.

सातारकर_७२

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण अंजनगावकरांना उत्तर मिळालेले नाही.

टिळकांची शेवटची राजकीय भूमिका काय होती ते पाहा. डिसेंबर १९१९, अमृतसर काँग्रेस. १९१९ च्या कायद्याने दिलेल्या सुधारणा अपुऱ्या आहेत, पण जे मिळेल ते घ्या आणि उरलेल्यासाठी भांडा. यालाच प्रतियोगी सहकारिता म्हणत. एप्रिल १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला तो निवडणुका लढवण्यासाठीच. म्हणजे लोकमान्य हयात असते तर त्यांचा पक्ष कौन्सिलांत गेला असता असे समजायला भरपूर आधार आहे. दादासाहेबांनी गुरूची रेघ सोडली नाही. काँग्रेस त्या रेघेवरून बाजूला गेली, दादासाहेब तिथेच थांबले.

पुढे काय झाले? १ जानेवारी १९२३ ला स्वराज्य पक्ष निघाला आणि बहिष्कार घालणारेच कौन्सिलांत शिरले. १९२५ मध्ये तुमच्या अमरावतीचेच, स्वराज्य पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे मध्य प्रांताच्या कार्यकारी मंडळात गेले, त्यावरून वादळ झाले, आणि केळकर, जयकर, मुंजे, अणे यांनी प्रतियोगी सहकार पक्ष काढला. दादासाहेब १९२० मध्ये जे करून बसले होते, तिथे ही सगळी मंडळी पाच वर्षांनी पोचली.

रोखठोक

@सातारकर_७२, युक्तिवाद भक्कम आहे. खापर्डे टिळकांशी प्रामाणिक राहिले हे मी मान्य करतो. पण टिळकांशी प्रामाणिक असणे आणि १९२१ च्या लोकांबरोबर असणे या दोन गोष्टी झाल्या. अणे बघा. तेही असेंब्लीत वऱ्हाडचेच प्रतिनिधी होते. पण १९३० मध्ये वेळ आली तेव्हा ते बाहेर पडले आणि पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात गेले. मला अणे मोठे वाटतात.

राजापेठचा_राजा

दोघंही आमचेच हायेत रोखठोक भाऊ, आम्हाला त्यांच्यात मोठा-लहान करायला लावू नोका. पण हिशेब करताना वयही धरा. दादासाहेबांचा जन्म १८५४ चा. १९२१ ला ते सदुसष्टीच्या घरात होते. १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेस भरली तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते.

अन् एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये त्याच वऱ्हाडच्या जागेवर कोण बसले? अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, विदर्भकेसरी. अस्सल काँग्रेसवाले, गांधींचे अनुयायी, सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. तीच खुर्ची, तेच सभागृह, तीच निवडून येऊन नेमलं जाण्याची तऱ्हा. बियाणींना कुणी त्याबद्दल नावं ठेवल्याचं मी तरी ऐकलं नाही. मग दादासाहेबांच्याच वाट्याला ते दबक्या आवाजातलं बोलणं काऊन?

अंजनगावकर

@राजापेठचा_राजा, हाच प्रश्न मी उद्या आमच्या जुन्या मंडळींना विचारणार आहे, आणि मोठ्या आवाजात.

कौन्सिल ऑफ स्टेटच्या चर्चांचे छापील अहवाल संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. १९२१ पासून सुरुवात करून वऱ्हाडच्या जागेवरून झालेली भाषणे मराठीत उतरवायचा विचार आहे. नोंदवही ताई, राजाभाऊ, हाताशी कुणी येणार असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. रोखठोक, तुम्हीही या. १९२३ च्या मिठाच्या कराची चर्चा तुमच्याकडे.

रोखठोक

आलो. तो खंड मीच घेतो.